कामरेजच्या बांधावरचं वारूळ

गुजराती पेपर वाचणाऱ्या मंडळींना 'राफडो फाट्यो' हा शब्दप्रयोग चांगला ओळखीचा असेल. एखादी गोष्ट अचानक जिकडेतिकडे दिसायला लागली की आपण मराठीत 'पेव फुटलं' म्हणतो. गुजरातीत अशा वेळी राफडा फुटतो, आणि राफडो म्हणजे वारूळ. कामरेज चार रस्त्यावरून कुठल्याही बाजूला निघा, हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागत नाही. काल जिथे ऊस होता तिथे आज कमान उभी आहे, कमानीवर संगमरवरी हत्ती आहेत आणि आत रो-हाऊसचे प्लॉट पाडलेले आहेत.

मी लिहिणार आहे ते मात्र खऱ्याखुऱ्या, मातीच्या राफड्याबद्दल.

कामरेज बहुतेकांना ठाऊक आहे ते टोलनाक्यामुळे आणि मुंबई-अहमदाबाद हायवेवरच्या वाहतूक कोंडीमुळे. सुट्टीत पाहुणे आले की आपण त्यांना गळतेश्वरला घेऊन जातो, तापीच्या काठी शंकराच्या भल्यामोठ्या मूर्तीसमोर फोटो काढतो आणि परत येतो. पण हे गाव हायवेपेक्षा कितीतरी जुनं आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात 'कम्मोनी' नावाचं एक ठिकाण येतं, ते हेच कामरेज असं अभ्यासक मानतात. तापीने आणून टाकलेल्या गाळावर हे गाव दोन हजार वर्षं बसलेलं आहे. तोच गाळ उसालाही चालतो आणि वारुळालाही.

आमच्या सोसायटीच्या मागे उसाची तीन-चार शेतं अजून शिल्लक आहेत. त्यांतल्या एका बांधावर, लिंबाच्या सावलीत, माझ्या खांद्याला लागेल एवढं एक वारूळ आहे. लांबून ते खिडकीच्या पडद्यासारखं दिसतं. वरून खाली उभ्या चुण्या पडलेल्या, मधेच दोन-तीन बुरूज वर आलेले, रंग पिवळसर तांबूस. हात लावून पाहिलं तर भाजलेल्या विटेसारखं कडक लागतं. आमचे गुजराती शेजारी मुलांना तिथे फिरकू देत नाहीत. 'राफडा पासे नइ जवानुं' हे वाक्य माझ्या मुलीने गुजराती शाळेत जायच्या आधीच शिकून घेतलं होतं.

आता हे बांधतं कोण? आपण सहज 'मुंग्यांचं वारूळ' म्हणून जातो. पण मुंग्यांचा त्यात काही हात नसतो. वारूळ बांधते वाळवी. जुन्या मराठीत तिला उधई म्हणतात आणि गुजरातीतही उधईच म्हणतात, त्यामुळे निदान या बाबतीत दोन्ही घरांत भाषांतर करावं लागत नाही. इंग्रजीत तिला 'पांढरी मुंगी' म्हणतात, तेही चूकच. मुंगी ही गांधीलमाशी आणि मधमाशीच्या कुळातली, तर वाळवी झुरळांच्या. 2007 साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या संशोधकांनी जनुकं तपासून दाखवून दिलं की वाळवी हा वेगळा गण नाहीच, ती समाज करून राहणारी झुरळंच आहेत. स्वयंपाकघरातल्या ओट्याखालचं झुरळ आणि बांधावरचा हा किल्ला यांचं नातं पचायला जड आहे खरं, पण आहे.

आणखी एक फरक मला फार आवडतो. मुंग्यांच्या वसाहतीत कामकरी सगळ्या माद्या असतात आणि नर मीलनानंतर मरून जातो. वाळवीत कामकरी नरही असतात आणि माद्याही. राणीबरोबर राजाही वर्षानुवर्षं त्याच खोलीत राहतो. राणीचं पोट अंड्यांनी फुगून बोटाएवढं लांब झालेलं असतं, तिला जागचं हलता येत नाही. ती दिवसाला हजारो अंडी घालते, कामकरी तिला भरवतात, चाटून स्वच्छ करतात आणि अंडी उचलून नेतात. जाड भिंतींच्या त्या खोलीला आपण राजवाडा म्हणतो, पण तिथून बाहेर पडता येत नाही हे लक्षात घेतलं तर वेगळाच शब्द सुचतो.

आपल्याकडच्या बांधांवर आणि माळांवर अशी चुणीदार वारुळं उभारणारी जात म्हणजे ओडोंटोटर्मिस ओबेसस. ही वाळवी शेती करते. मी हे अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. कामकरी बाहेरून वाळकी पानं, काड्या, लाकडाचा भुगा, शेणाचे कण खाऊन आणतात. ते पुरतं पचत नाही. अर्धवट पचलेला हा माल विष्ठेतून बाहेर टाकून त्याच्या स्पंजासारख्या पोळ्या रचतात आणि त्यांवर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढवतात. बुरशी लाकडातलं जे काही चिवट आहे ते मऊ करते, मग वाळवी ती बुरशी आणि जुनी झालेली पोळी खाते. हा व्यवहार सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाला. माणसाच्या शेतीला दहा-बारा हजार वर्षं झाली आहेत, म्हणजे कृषीवलांच्या यादीत आपला नंबर बराच खाली लागतो. या शेतीत तणही उगवतं. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रेने बोर्जेस यांच्या प्रयोगशाळेने याच जातीवर केलेल्या कामात दिसलं की वाळवी तणबुरशीचा वास ओळखते आणि ती मातीत गाडून टाकते. पिकाच्या बुरशीला मात्र धक्का लावत नाही.

पावसाळ्यात ही बुरशी कधीकधी जमिनीतून डोकं वर काढते. तीच ती वारुळाजवळची अळंबी. गोव्यात वारुळाला रोंयण म्हणतात आणि त्या अळंब्यांसाठी श्रावणात चिकनपेक्षा जास्त पैसे मोजायला लोक तयार असतात. गोवा आणि सिंधुदुर्गात सातेरी देवीची पूजाही मुळात वारुळाच्याच रूपात होते. काही देवळांच्या गाभाऱ्यात आजही मूर्तीच्या जागी वारूळ आहे. आमच्या कामरेजला मात्र अळंबी खायला कोणी धजत नाही, आणि ओळख पटल्याशिवाय खाऊही नयेत.

बुरशीची शेती म्हणजे दमट, बंद खोली. लाखो जीव आणि ढीगभर बुरशी जमिनीखाली श्वास घेत आहेत, कार्बन डायऑक्साइड सोडत आहेत. हवा बदलली नाही तर सगळी वसाहत गुदमरून मरेल. आणि वारुळाला बाहेरून एकही दार-खिडकी दिसत नाही! जी भोकं दिसतात ती उंदरांनी, घोरपडींनी, पावसाने पाडलेली असतात. मग हवा जाते-येते कशी? हा प्रश्न संशोधकांना बराच काळ छळत होता. हंटर किंग, सॅम्युअल ओको आणि एल. महादेवन यांनी बंगळुरूतल्या याच जातीच्या वारुळांमध्ये बारीक सेन्सर घालून हवेचा वेग थेट मोजला आणि 2015 साली उत्तर छापलं.

त्या पडद्यासारख्या चुण्या शोभेच्या नाहीत. चुण्या पातळ आहेत, मधला गाभा जाड. दिवसा ऊन लागलं की चुण्या लवकर तापतात, त्यांतली हवा वर चढते आणि मधल्या मोठ्या नळीतून खाली उतरते. रात्री चुण्या लवकर थंड होतात, गाभा उबदार राहतो आणि हवा उलटी फिरते. मातीच्या भिंती सच्छिद्र असल्यामुळे वायू त्यांतून झिरपून बाहेर पडतात. म्हणजे हे एक फुप्फुसच झालं, दिवस-रात्र मिळून एक श्वास घेणारं. पंखा नाही, वीज नाही, एएमसी नाही. झिंबाब्वेच्या हरारे शहरात 1996 साली उघडलेलं ईस्टगेट सेंटर वारुळापासून स्फूर्ती घेऊन बांधल्याचं मुलांच्या पुस्तकात असतं. वास्तुरचनाकार मिक पिअर्स यांनी ते बांधलं तेव्हा वारुळाच्या हवेबद्दलची समजूत वेगळी होती. ती पुढे बदलली, तरी इमारत मात्र गार राहते.

बांधकामाचं सामान म्हणजे निव्वळ माती आणि लाळ. ओल्या मातीची मोहरीएवढीसुद्धा नसलेली गोळी तोंडात मळायची, आणून चिकटवायची, परत जायचं. बंगळुरूच्याच शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं तर आजूबाजूच्या साध्या मातीपेक्षा वारुळाची माती सुमारे दहापट मजबूत निघाली. बांधणारे कामकरी आंधळे असतात हेही इथे सांगायला हवं.

माझ्या पेशामुळे असेल, पण मला सगळ्यात जास्त ओढ वाटते ती पुढच्या प्रश्नाची. नकाशा कोणाकडे असतो? राणी हुकूम देत नाही, ती अंडी घालण्यात गुंतलेली. मुकादम नाही. 1959 साली पिएर-पॉल ग्रासे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने याला 'स्टिग्मर्जी' असं नाव दिलं. कामच पुढचं काम सांगतं, असा त्याचा सोपा अर्थ. एका वाळवीने ठेवलेली गोळी दुसरीला 'इथे ठेव' असं सुचवते, दुसरीची तिसरीला. 2014 साली हार्वर्डमध्ये राधिका नागपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर चालणारे 'टर्मिस' नावाचे छोटे रोबो केले. त्यांचा एकमेकांशी संपर्क नव्हता, प्रत्येकाने समोरचं बांधकाम तेवढं बघायचं आणि आपली वीट ठेवायची. तरी ठरवलेली रचना उभी राहिली. आमच्या ऑफिसात रोज सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग पाऊण तास चालते, तेव्हा मला बांधावरच्या या कंपनीची आठवण येते.

वाळवी बांधते आणि साप राहायला येतो. वारुळाच्या आत दमटपणा आणि तापमान बऱ्यापैकी स्थिर असतं, म्हणून धामण, नाग, घोरपड तिथे आश्रय घेतात, अंडीही घालतात. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण आपल्या लोकांनी उगाच केलेली नाही. पण पूजा मात्र नागोबाचीच होते, बांधणाऱ्याची नाही. रामायण लिहिणारे ऋषीसुद्धा वल्मीकावरून वाल्मीकी झाले. त्यांच्या अंगाभोवती तो वल्मीक कोणी उभारला, ते कोणी विचारत नाही.

सुरतेत राहण्याचा एक फायदा म्हणजे आपल्याला नागपंचमी दोनदा मिळते. आपली श्रावण शुद्ध पंचमीला, गुजराती मंडळींची श्रावण वद्य पंचमीला, म्हणजे पंधरा दिवसांनी. बांधावरच्या या वारुळाला दोन्ही होतात. पहिल्या दिवशी सोसायटीतल्या आम्ही आठ-दहा मराठी बायका लाह्या, दूध, हळदकुंकू घेऊन जातो. सासूबाई खान्देशातल्या, त्या दिवशी चिरणं, कापणं, तवा चुलीवर ठेवणं सगळं बंद ठेवतात. पंधरा दिवसांनी शेजारच्या बा कुलेर घेऊन येतात. कुलेर म्हणजे बाजरीचं पीठ, गूळ आणि तूप कालवून केलेला लाडू, तो चुलीवर चढवायचा नसतो. दोघींचा नेम एकच की त्या दिवशी चुलीला विश्रांती. सासूबाईंना गुजराती धड येत नाही, बांना मराठी अजिबात नाही, पण या बांधावर त्यांचं व्यवस्थित जमतं.

शेतमालक काकांचं मत जरा वेगळं आहे आणि त्यातही तथ्य आहे. नवीन ऊस लावला की जमिनीतली उधई कांड्यांच्या कापलेल्या टोकांतून आत शिरते, डोळे उगवायच्या आत पोखरून टाकते, आणि पाण्याचा ताण पडला की नुकसान वाढतं. त्यामुळे काकांसाठी ती आधी कीड आहे, मग देव. तरी त्यांच्या वडिलांनी तो राफडा मोडला नाही आणि त्यांनीही नाही. दिवाळीनंतर धुळे-नंदुरबार आणि डांगातून ऊसतोडीला येणारी 'कोयता' कुटुंबंही त्याच्या बाजूने दोन हात सोडून ऊस तोडतात. काका सांगतात, 2006 च्या ऑगस्टमध्ये तापीला मोठा पूर आला तेव्हा बांधावर पाणी चढलं, राफडा अर्धा विरघळला, आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत परत उभा राहिला.

जगात वाळवीच्या सुमारे 3000 जाती आहेत, भारतात 300 च्या आसपास. त्यांतल्या थोड्याच आपल्या दारांना आणि पिकांना लागतात. बाकीच्या नसत्या तर वाळका पाचोळा नुसता साठत गेला असता. ब्राझीलच्या कोरड्या रानात वाळवीने पोखरून वर टाकलेल्या मातीचे सुमारे 20 कोटी ढीग आहेत, एकेक अडीच मीटर उंच. 2018 साली त्यांचं वय काढलं तर काही जवळजवळ 3800 वर्षांचे निघाले. ऑस्ट्रेलियात एक जात पाट्यासारखी चपटी, उत्तर-दक्षिण अशी नेमकी वारुळं बांधते, म्हणजे दुपारचं ऊन फक्त कडेवर पडतं. आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत जमिनीखालच्या पाण्याच्या खुणा सांगितल्या, त्यांत अमुक झाडाजवळचं वारूळ ही खूण पुन्हा पुन्हा येते. एवढी ओलसर माती वर यायची तर खाली ओल हवीच, इतका सरळ हिशेब.

आणि आता मुद्द्याचं. काकांनी ते शेत विकलं. त्यांच्या मुलांपैकी कोणी शेती करणार नाही, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. नवीन स्कीमच्या नकाशात वारूळ येतं आतल्या रस्त्यावर, कॉमन प्लॉटच्या कडेपासून साधारण आठ फुटांवर. आम्ही बायका दोन्ही भाषांतून बोलायला गेलो. स्कीमवाल्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या दृष्टीने फार उदार तोडगा दिला. राफडा काढू, पण कॉमन प्लॉटमध्ये संगमरवराची देरी बांधून देऊ, आत चांदीचा नाग. खर्च त्यांचा.

निम्म्या बायका तिथेच राजी झाल्या. बा म्हणाल्या, पाऊस लागणार नाही, पूजा नीट होईल. मला ते पटलं नाही, आणि ते मी तिथेच बोलले. देरीत नाग बसेल, पण वाळवी येणार नाही, आणि खरा नागही येणार नाही. दुसरं म्हणजे वरचा ढिगारा जेसीबीने काढला म्हणून वसाहत संपत नाही. राणी जमिनीच्या पातळीला किंवा त्याखाली असते. ती राहिली तर कामकरी परत बांधतील, आणि वर रस्ता असेल तर दुसरीकडे वाट काढतील, बहुतेक कोणाच्या तरी नव्या चौकटीत. ती संपवायची तर खोल खणून औषध ओतावं लागेल. झाड हलवतात तसं वारूळ हलवता येत नाही.

स्कीमचे इंजिनिअर तरुण होते, त्यांनी हा दुसरा मुद्दा गंभीरपणे घेतला. घरं बांधताना पायाला वाळवीरोधक प्रक्रिया करायची असतेच, त्याचं भारतीय मानकही आहे, 6313 क्रमांकाचं. ती प्रक्रिया प्रत्येक प्लॉटच्या पायाला नीट केली तर कॉमन प्लॉटमधलं एक वारूळ घरांना जड जाणार नाही, असं मी म्हटलं. रस्ता आठ फूट सरकवला की झालं. त्यावर त्यांनी विचारलं, मुलं तिथे खेळणार, साप निघाला तर जबाबदारी कोणाची? या प्रश्नाला माझ्याकडे चटपटीत उत्तर नाही. कमरेएवढी जाळी लावता येईल, रात्री दिवा लावता येईल. पण साप निघणारच नाही असं मी लिहून देऊ शकत नाही, आणि सासूबाई तर म्हणतात की तो निघावा म्हणूनच आपण दूध घेऊन जातो.

जूनमध्ये पाऊस लागण्याच्या आधी चुन्याच्या रेषा मारल्या गेल्या. जेसीबीचा एक फटका वारुळाच्या पूर्वेच्या चुणीला लागला, बहुधा वळताना. आतली पोकळी उघडी पडली, हाताच्या पंजाएवढी. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला घेऊन गेले तर भोकाच्या कडेने गडद ओल्या मातीची झालर लागली होती. आम्ही दहा मिनिटं उभ्या होतो. तपकिरी डोक्याचे सैनिक कडेने जबडे उघडून उभे, मागे फिकट कामकरी एकेक गोळी लावत होते. चौथ्या दिवशी भोक बंद. मुलीने घरी येऊन वहीत त्याची चार चित्रं काढली, चौथ्यात काहीच दिसत नाही. त्याच आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला आणि संध्याकाळी सोसायटीतल्या सगळ्या दिव्यांवर पंखवाले किडे झेपावले. तीही वाळवीच, नवीन राजे आणि राण्या. सकाळी पार्किंगमध्ये पंखांचा खच होता. त्यांतल्या बहुतेकांना पाली, बेडूक आणि कोतवाल पक्षी खातात. क्वचित एखादी जोडी जमिनीत शिरते.

सुधारित नकाशा अजून यायचा आहे. सध्या चुन्याची रेषा वारुळाला वळसा घालून जाते, ते मुद्दाम आहे की मारणाऱ्या माणसाने आपणहून केलंय, कळलेलं नाही.

बघायला यायचं असेल तर नागपंचमीच्या गर्दीत नको, एखाद्या रविवारी सकाळी नऊच्या आत या. ऊन तिरपं असतं तेव्हा चुण्या चांगल्या दिसतात. मंडळाच्या ग्रुपवर आधी कळवा, म्हणजे मी बांधापर्यंत घेऊन जाईन. पायात बूट हवेत, चप्पल नको. मुलांना हात लावू द्या, पण भोकात हात किंवा काठी घालू देऊ नका. आणि इकडे येणं जमलं नाही तर सुट्टीत गावाला जाताना बारडोली-व्यारा-सोनगढ रस्त्याने जा. सोनगढ सोडलं की नवापूरपर्यंत दोन्ही बाजूंच्या रानात वारुळं दिसतात. आम्ही गेल्या वेळी डाव्या खिडकीतून सतरा मोजली, उजवीकडची मोजायचं काम सासूबाईंकडे होतं आणि त्यांना झोप लागली.